पत्र्याच्या डब्यातली परदेशी तिकिटं: कुठल्या देशाची, कसं ओळखायचं?

नौपाड्याची सून (शुक्रवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. आमची इमारत पुढच्या महिन्यात रिकामी करायची आहे. (हो, रीडेव्हलपमेंट. सात वर्षं नुसत्या मीटिंगाच चालल्या होत्या.) माळा उपसताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आप्पाकाकांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांनी लग्न केलं नव्हतं, वागळे इस्टेटमध्ये नोकरी केली, जाऊन बारा वर्षं झाली. डब्यात चारेकशे टपाल तिकिटं आहेत. ज्यांवर देशाचं नाव सरळ आहे ती लेकाने लावून टाकली. भारतीय तिकिटं वेगळ्या पाकिटात घातली. आता ही उरलीत:

१) शेतात कापणी करणारा माणूस, वर एम-ए-जी-वाय-ए-आर. लेक म्हणतो 'मगर पोस्ट'.
२) ढाल-भाला घेतलेली बाई, 'हेल्वेशिया'. नकाशात असा देश नाही, मी शोधला.
३) राणीचं डोकं. नुसतं डोकं आणि आकडा. नाव नाही, गाव नाही.
४) दोन मदारींचा उंट. अक्षरं एम, ओ, एच, मग उलटा एल, मग ओ, मग तंबूसारखं काहीतरी.
५) शारजाचं अंतराळवीर. पण शारजाचा अंतराळाशी संबंध काय?
६) चिनी अक्षरं आणि वर एक गोल फूल.

फोटो वर जोडलेत. फोनमधल्या गूगल लेन्सने उंटाला 'गालिचा' म्हटलं, म्हणून तुमच्याकडे आले.

कोपरीचा पोपट (शुक्रवार, रात्री १०:०२)

मगर पोस्ट असेल तर पत्र पाण्यातून जात असणार. तलावपाळीला चौकशी करा.

वाशीकर विन्या (शुक्रवार, रात्री १०:१५)

४ नंबर रशिया. डोळे झाकून. ती अक्षरं रशियनच आहेत.
१ नंबर हंगेरी. माझ्याकडे शाळेत असताना डझनभर होती, सगळी बदलाबदलीत गेली. एका हंगेरीच्या बदल्यात एक खोडरबर असा भाव होता.

सरळरेघ (शुक्रवार, रात्री १०:३१)

किंमत किती येईल ते आधी बघा. ओळखून काय करायचंय?

चिमटा-भिंग (शुक्रवार, रात्री ११:२०)

सूनबाई, डबा कोरड्या जागी ठेवा आणि तिकिटांना ओल्या हाताने शिवू नका. बाकी सावकाश.

मुळात गोंधळ एवढ्यावरून होतो की आपण देशांना जी नावं देतो ती त्या लोकांची नसतात. आपण भारत म्हणतो, जग इंडिया म्हणतं, तसंच. हंगेरीचे लोक स्वतःला मॉद्यॉर म्हणवतात, म्हणून त्यांच्या तिकिटावर 'मॅग्यार पोस्टा'. फिनलंडच्या तिकिटावर 'सुओमी', स्वीडनच्या 'स्वेरिये', क्रोएशियाच्या 'ह्र्वात्स्का', अल्बेनियाच्या 'श्चिपरिया'. त्या शेवटच्या नावाचं रोमन स्पेलिंग वाचताना माझी जीभ आजही अडते. ऑस्ट्रियाचं 'ऑस्टरराइश' वाचून मी आठवीत ऑस्ट्रेलियाच्या पानावर लावलं होतं. दोन वर्षं तिथेच होतं.

हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. त्यांच्याकडे जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा. इवल्याशा तिकिटावर चार नावं कुठे छापणार? आणि एक छापलं तर बाकीचे तिघे रुसणार. म्हणून कुणाचंच नाही असं लॅटिन नाव.

राणी ब्रिटनची. टपाल तिकीट ही कल्पनाच त्यांनी १८४० साली काढली. तेव्हा दुसऱ्या कुणाची तिकिटं नव्हतीच, मग नाव कशाला? ती सवय आजतागायत आहे, नुसता राजा किंवा राणी. ज्याच्यावर देशाचं नावच नाही आणि मुकुट आहे ते बहुधा ब्रिटन.

४ बद्दल विन्याशी असहमत. सकाळी लिहितो.

मीठभाकर (शुक्रवार, रात्री ११:३८)

चार भाषांचा तोडगा आवडला. आमच्या नेरूळच्या सोसायटीत नोटीस कुठल्या भाषेत लावायची यावरून गेल्या गणपतीपासून भांडण चालू आहे. लॅटिन सुचवते.

वाशीकर विन्या (शनिवार, सकाळी ७:४५)

असहमत कशाबद्दल? रशियन लिपी आहे, रशियाच असणार ना.

चिमटा-भिंग (शनिवार, सकाळी ८:३०)

लिपी रशियन म्हणून देश रशिया, हे म्हणजे देवनागरी दिसली की मराठी म्हणण्यासारखं झालं. ती सिरिलिक लिपी. बल्गेरिया, सर्बिया, मंगोलिया सगळे ती वापरतात.

सूनबाईंनी अक्षरं फार छान वर्णन केली आहेत, त्यावरूनच उत्तर निघतं. सिरिलिकमध्ये एचसारखं दिसतं त्याचा उच्चार 'न'. उलटा एल म्हणजे 'ग'. तंबू म्हणजे 'ल'. आता जोडा: मो-न-गो-ल. पुढे 'शुदान' असा शब्द असेल, म्हणजे टपाल. आणि दोन मदारींचा उंट गोबी वाळवंटातला. मंगोलिया.

सोव्हिएत तिकीट ओळखायचं असेल तर आपल्याला सी-सी-सी-पी दिसतं ते शोधायचं. त्या लिपीत सी म्हणजे स आणि पी म्हणजे र. स-स-स-र.

वाशीकर विन्या (शनिवार, सकाळी ८:४१)

डोळे उघडले. माघार.
(पण चाळीस वर्षं मी 'सीसीसीपी' हा वेगळा देश समजत होतो हे इथे लिहायला नको होतं.)

बेलापूरचा भोपळा (शनिवार, सकाळी १०:०५)

लिहिलंत ते बरं केलंत, मी एकटाच नाही म्हणायचा. माझ्याकडे 'पोर्टो' लिहिलेली सगळी तिकिटं पोर्तुगालच्या पानावर होती. डेन्मार्कचं नाव स्पष्ट छापलेलं असूनही! मला वाटायचं पोर्तुगालने डेन्मार्कसाठी छापली.

निवृत्त पोस्टमास्तर (शनिवार, सकाळी ११:१०)

भोपळेसाहेब, पोर्टो म्हणजे टपालहशील. त्या 'ड्यू'ची तिकिटं. पाठवणाऱ्याने कमी तिकीट लावलं की घेणाऱ्याकडून दंडासकट वसूल करायचं, आणि तो हिशोब दिसावा म्हणून ही चिकटवायची. आपण 'बेरंग पत्र' म्हणायचो ते हेच, बेअरिंगचं बेरंग झालेलं. पोर्तुगाल स्वतःच्या अशा तिकिटांवर 'पोर्टेआदो' लिहितं.

तिकीट ओळखताना देशाच्या नावाआधी टपालाचा शब्द शोधावा. 'कोर्रेओस' दिसलं की स्पॅनिश बोलणारा देश, 'कोर्रेयो' असेल तर पोर्तुगीज, 'पोच्टा' असेल तर पोलंड. मग नाणं बघायचं. फिलेर हंगेरीचं, ग्रोशेन ऑस्ट्रियाचं, स्तोतिन्की बल्गेरियाचं, लेप्टा ग्रीसचं. नाव पुसलं गेलं असेल तरी नाणं सापडतं. सॉर्टिंगला होतो तेव्हा अशा पत्रांवर आमच्या पैजा लागायच्या. हरणाऱ्याने जांभळी नाक्यावर चहा पाजायचा. मी फार चहा पाजलाय.

कोपरीचा पोपट (शनिवार, सकाळी ११:२२)

मास्तर, तुम्ही आमची पत्रं वाटायच्याऐवजी पैजा लावत होतात तर. माझा १९८८ चा इंटरव्ह्यू कॉल कुठल्या देशात आहे?

निवृत्त पोस्टमास्तर (शनिवार, सकाळी ११:३०)

पिनकोड लिहिला होतात का?

नौपाड्याची सून (शनिवार, दुपारी १:१५)

खूप खूप आभार! लेक आता दिसेल त्याला 'मो-न-गो-ल' वाचून दाखवतोय. शारजा आणि फूल राहिलं.

आणि एक विचारायचं होतं. काही तिकिटं पाकिटाच्या कागदाला चिकटलेली आहेत. ती पाण्यात भिजवून काढतात ना? काल वीसेक काढली. लाल पाकिटाच्या तुकड्याचा रंग सुटला आणि बाकीची सगळी गुलाबी झाली. शिवाय भांडं सोलकढीचं होतं, सासूबाई बोलत नाहीयेत.

चिमटा-भिंग (शनिवार, दुपारी १:२२)

थांबा!!! उरलेली भिजवू नका.

चिमटा-भिंग (शनिवार, दुपारी १:४०)

उद्गारचिन्हांबद्दल माफी. कागदासकट असलेल्या तुकड्यावर पूर्ण शिक्का असतो. कुठून निघालं, कधी निघालं हे शिक्क्यावरून कळतं, आणि पुष्कळदा देशही तिथेच वाचता येतो. तिकीट काढलंत की शिक्क्याचा अर्धा भाग कचऱ्यात. अख्खं पाकीट असेल तर त्याला कात्रीसुद्धा लावायची नाही. रंगीत कागद नेहमी वेगळा भिजवायचा, पण ते आता काय सांगू.

वाशीकर विन्या (शनिवार, दुपारी २:०५)

इथे मात्र मी असहमत होणार. साधी, हजारोंनी मिळणारी तिकिटं कागदासकट ठेवली तर अल्बम फुगून उशी होतो. मी बिनधास्त भिजवतो, टीपकागदावर पालथी वाळवतो, वर जाड पुस्तक ठेवतो. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्याने सुटतच नाहीत हा भाग वेगळा.

चिमटा-भिंग (शनिवार, दुपारी २:३०)

साधं कुठलं हे आधी ओळखा, मग भिजवा. क्रम एवढाच. 'रशिया' म्हणून उंट भिजवला असतात.

बरं, शारजा. १९६० च्या दशकात आणि ७२ पर्यंत आखातातल्या छोट्या अमिरातींनी, म्हणजे शारजा, अजमान, फुजैरा, रास अल खैमा, उम्म अल क्वैन यांनी, परदेशी एजंटांमार्फत तिकिटांचा पूर काढला. अंतराळ, ऑलिंपिक, मांजरी, युरोपियन चित्रं. तिथून पत्रं जायची किती? नगण्य. सगळा माल जगभरच्या पोरांच्या अल्बमसाठी. संग्राहक त्यांना 'वाळूच्या टेकड्या' म्हणतात. तिकीट उलटं करा. शिक्का कोपऱ्यात नीट बसलेला आणि मागे गोंद शाबूत असेल, तर ते पत्रावर कधी गेलंच नाही, छापखान्यातच शिक्का मारून पाकिटात भरलं.

फुलाचं उत्तर जपान. सोळा पाकळ्यांची शेवंती, ते राजघराण्याचं चिन्ह. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तिकिटांवरून गेलं आणि १९६६ पासून रोमन अक्षरांत 'निप्पॉन' येऊ लागलं. फूल असेल तर तुमचं तिकीट युद्धाच्या आगेमागे किंवा त्याहून जुनं. अक्षरांमध्ये गोल-गोल वर्तुळं दिसली तर मात्र ते कोरियन.

नौपाड्याची सून (शनिवार, दुपारी ३:००)

शारजाच्या मागे गोंद आहे! कोरा करकरीत. आप्पाकाका फसले म्हणायचे.

मीठभाकर (शनिवार, दुपारी ३:१८)

फसले कशाला, आम्ही सगळ्यांनी घेतली आहेत ती. स्टेशनरीच्या दुकानात पुठ्ठ्यावर प्लास्टिकची पाकिटं टांगलेली असायची. खरी पत्रातली हवी असतील तर पत्रमैत्री करावी लागे नाहीतर परदेशी रेडिओला पत्र लिहावं लागे. माझा भाऊ पूर्व जर्मनीच्या रेडिओला 'कार्यक्रम फार आवडला' असं दर महिन्याला लिहायचा. आमच्या रेडिओवर ते स्टेशन लागतही नव्हतं.

माझं एक 'अज्ञात देशाचं' तिकीट मी कितीतरी वर्षं जपलं. लाल रंगाचा दोन आडव्या दांड्यांचा क्रॉस. मिशनऱ्यांचा कुठलातरी देश असावा अशी खात्री होती. ते निघालं क्षयरोग निवारणाचं टीबी सील. शाळेत बाईंनी विकलेलं. मीच विकत घेतलेलं.

कोपरीचा पोपट (शनिवार, दुपारी ३:२५)

राष्ट्रगीत कोणतं होतं त्या देशाचं? खोकला?

निवृत्त पोस्टमास्तर (शनिवार, सायंकाळी ६:००)

हसू नका, मी त्याहून पुढचा. नेपाळचं तिकीट मी भारताच्या पानावर लावलं होतं. देवनागरी, शंकर, हिमालय, अजून काय पाहिजे? 'हुलाक' शब्द खटकला, पण वाटलं हिंदीत असेल काहीतरी. नेपाळीत हुलाक म्हणजे टपाल. म्हणजे मी टपालखात्यात असून टपाल हा शब्द ओळखला नाही.

चिमटा-भिंग (शनिवार, सायंकाळी ६:२०)

मास्तरांनी चांगली आठवण केली. भारतीय तिकिटावर वरून दुसरं काही छापलेलं असेल तर प्रकरण वेगळं असतं. व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटावर 'ग्वालियर', पाचव्या जॉर्जवर 'बहरीन' आणि 'कुवेत', सहाव्या जॉर्जवर 'पाकिस्तान'. तिकीट आपलं, वापर दुसरीकडचा.

सूनबाई, तुम्ही 'भारतीय' म्हणून जे पाकीट बाजूला ठेवलंय ते एकदा बघणार का? वर छपाई असलेलं काही आहे?

सरळरेघ (शनिवार, सायंकाळी ७:१०)

किंमत कोणी सांगत नाहीये हे लक्षात आलंय.

नौपाड्याची सून (शनिवार, रात्री ९:०५)

पाहिलं. दोन अण्यांचं एक नटराजाचं आहे, कागदाच्या तुकड्यावर (नाही भिजवलेलं, देवाची कृपा). त्यावर काळ्या शाईत हिंदीत छापलंय, पण अर्धं शिक्क्याखाली गेलंय. 'भारतीय' आणि मग 'कटक को' एवढं लागतं. ओरिसातल्या कटकच्या एखाद्या को-ऑपरेटिव्ह संस्थेचं असेल म्हणून लक्ष दिलं नव्हतं. फोटो जोडते.

कोपरीचा पोपट (शनिवार, रात्री ९:११)

कटक को-ऑपरेटिव्ह नटराज गृहनिर्माण संस्था मर्यादित. रीडेव्हलपमेंट तिथेही रखडलंय.

चिमटा-भिंग (शनिवार, रात्री ९:३०)

पोपटराव, दोन मिनिटं गप्प बसा.

सूनबाई, तो 'को' को-ऑपरेटिव्हचा नाही. पूर्ण मजकूर असा आहे: 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. कटक हे इथे गाव नव्हे. जुन्या बखरींत कटक म्हणजे फौज, तोच हा शब्द.

१९५३ ला कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांना राखायला दोन्ही बाजूंना चालेल असं तटस्थ सैन्य हवं होतं, ते भारताने पाठवलं. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि आपल्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. चिनी आणि उत्तर कोरियाचे २२ हजारांहून जास्त कैदी आपल्या जवानांच्या ताब्यात होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून आपल्या लोकांना बोटीवरून उचलून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव 'हिंद नगर'. १९५४ च्या सुरुवातीला काम संपवून सगळे परत आले. या फौजेच्या टपालासाठी नेहमीच्या पुरातत्त्व मालिकेच्या तिकिटांवर हा मजकूर छापला होता. त्याच मालिकेत आपल्या घारापुरीची त्रिमूर्तीही आहे.

शिक्क्यात एफ.पी.ओ. आणि एक आकडा दिसतोय, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. सैन्यात कुणी होतं का घरात?

बेलापूरचा भोपळा (शनिवार, रात्री ९:५२)

अंगावर काटा आला. सहा परदेशी तिकिटं आपण ओळखत बसलो आणि एवढ्या लांबून आलेलं हे मात्र 'भारतीय' पाकिटात.

नौपाड्याची सून (रविवार, सकाळी १०:२०)

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सासूबाईंना दाखवलं (सोलकढीनंतर पहिल्यांदाच बोलल्या).

आप्पाकाका तरुणपणी दोनेक वर्षं घराबाहेर होते एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठे होतात विचारलं की ते म्हणायचे, 'कैदी राखत होतो.' त्याच्यापुढे एक शब्द नाही. आणि आमच्या घरात सगळ्यांची पक्की समजूत की ते ठाण्याच्या जेलमध्ये शिपाई होते! सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकतायत. भाच्यांना दम द्यायचा असला की 'आप्पाकाका जेलमध्ये टाकतील' म्हणायचे. ते नुसते हसायचे. कधी खुलासा केला नाही.

मिस्टरांना आता आठवतंय की थंडीचा विषय निघाला की काका म्हणायचे, 'तुम्ही थंडी पाहिली कुठे?' सगळ्यांना वाटायचं, ठाण्याच्या जेलमध्ये असेल थंडी.

निवृत्त पोस्टमास्तर (रविवार, सकाळी १०:४५)

हे तिकीट त्यांनी विकत घेतलेलं नाही किंवा बदलाबदलीतलंही नसावं. घरी पाठवलेल्या स्वतःच्याच पत्राचा कोपरा कापून ठेवलेला दिसतो. सूनबाई, सेवेची कागदपत्रं मिळतात का ते त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरून बघा. रेजिमेंटचं नाव हाती लागलं तर पुढे विचारता येतं.

कोपरीचा पोपट (रविवार, सकाळी १०:५०)

कालचा विनोद मागे घेतो. आप्पाकाकांना सलाम.

सरळरेघ (रविवार, सकाळी ११:०५)

मी किंमत विचारली होती त्याबद्दल काही बोलू नका. पण किती असेल?

चिमटा-भिंग (रविवार, सकाळी ११:१५)

तिकीट दुर्मिळ नाही. विकून नौपाड्यात फ्लॅट येणार नाही, तलावपाळीच्या कट्ट्यावर सगळ्यांना मिसळ कदाचित.

तळ्याकाठचा (रविवार, दुपारी १२:४०)

प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. ३ नंबर बहुतेक ऑस्ट्रेलिया. ४ रशिया.

वाशीकर विन्या (रविवार, दुपारी १२:४२)

या, बसा. माझ्या शेजारी जागा आहे.

नौपाड्याची सून (रविवार, सायंकाळी ५:३०)

एकच शेवटचं. लेकाने नवा अल्बम आणलाय. हे तिकीट कुठल्या पानावर लावायचं, भारत की कोरिया?

चिमटा-भिंग (रविवार, सायंकाळी ५:४५)

कॅटलॉगात ते भारताखालीच येतं. कागदासकट ठेवा, पारदर्शक पट्टीत सरकवा, डिंक नको. पण अल्बम तुमचा आहे, तुम्हाला वाटेल तिथे.

नौपाड्याची सून (रविवार, सायंकाळी ६:१०)

भारताच्या पानावर लावलं. सासूबाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलंय: 'ठाणे जेल'.